बावीस हिरवे ठिपके

"पुन्हा घसरली मेली! हिला चिकटायचं कधी कळणार?" मुलीच्या कानामागची चकती तिसऱ्यांदा जागेवर बसवत नर्स पुटपुटली.

लॅपटॉपसमोर बसलेल्या, ऐकण्याची तपासणी करणाऱ्या ऑडिऑलॉजिस्टबाईंना हसायचंही त्राण नव्हतं. ऑपरेशन टेबलावरच्या चार वर्षांच्या मुलीच्या कानात ऐकण्याच्या यंत्राची तार बसवून झाली होती. तारेवरच्या बावीस टोकांतून एकेक करून वीज सोडायची आणि दोन गोष्टी पाहायच्या. टोक चालतं का, आणि ऐकण्याची नस त्याला उत्तर देते का. स्क्रीनवर बावीसच्या बावीस टोकांचे ठिपके हिरवे होते. नसेची रेघ मात्र सपाट.

"वायर बदला," सर्जन म्हणाले. बदलली. मग लॅपटॉप बदलला. आता बदलण्यासारखे तेवढे भूलतज्ज्ञ उरले होते.

बाईंनी वीज आणखी वाढवली.

"हलला! गाल हलला!" नर्स हरखली.

पण उत्तर दिलं होतं ते चेहऱ्याच्या नसेने, ऐकण्याच्या नव्हे. दार एकाचं ठोठावलं आणि उघडलं शेजाऱ्याने.

"नस बारीक आहे, हे स्कॅनमध्ये दिसलंच होतं. तरी आशा होती," सर्जन म्हणाले. "मी टाके घालतो. तुम्ही बाहेर एवढंच सांगा, महिन्याने यंत्र सुरू केल्यावर बघू."

बाहेर बाकावर आईवडील बसले होते.

"ऑपरेशन नीट झालं," बाई म्हणाल्या. "फक्त तपासणीत रीडिंग आलं नाही."

"म्हणजे मशीन खराब निघालं!" वडिलांचा चेहरा चक्क उजळला. "मग बदलून घेऊ की, मॅडम. गॅरंटी आहे."

नुसतं हो म्हणून घरी जावं, असं बाईंना फार वाटलं.

"मशीन चांगलं आहे, दादा."

"मग?"

"महिन्याने सुरू करू, तेव्हा..." बाई स्वतःच्या चपलांकडे बघत राहिल्या.

"अहो, किती पिळाल त्यांना?" आई नवऱ्याला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, नुसता थकलेला होता. "आपल्या पोरीला बहुतेक ऐकू येणार नाही, हे त्यांच्या तोंडून निघत नाहीये. आलं तर आलं. मी उद्यापासून हातांच्या खुणा शिकायला जाणार आहे."

"अगं, पण थोडी वाट तरी..."

"चार वर्षं तिच्या कानांचीच वाट बघतोय ना आपण सगळे? तिच्याशी अजून कुणी बोललेलंच नाही."