डोमाची बहीण

"काका, खुशखबर! तुमची बहीण येऊन राहिली लग्नाले."

डोमा लेकीच्या लग्नाच्या मांडवाच्या बल्लीला सुतळी बांधत होता. गाठ तशीच हातात राहिली. "कोणती बहीण?"

"घ्या! आता बहीणही आठवत नाही." गोपीचंद हसला. "बपेऱ्याची सुंदरबाई. गुड्डीच्या ओटीसाठी धान आणाले मीच गेलो होतो गावाले. म्हटलं, काकाले न सांगता जावं."

गोपीचंद मूळचा बपेऱ्याचा. महिन्यापूर्वी तो गल्लीत भाड्यानं राहायला आला होता, आणि न मागता उपकार करण्याची त्याला दांडगी हौस होती.

पवनीबाहेरचं हे कॅम्पनगर धरणाच्या मजुरांनी वसवलेलं. कोणी छत्तीसगढचा, कोणी आंध्राचा, कोणी अड्याळचा. काम संपलं, माणसं इथंच राहिली. ताडपत्र्या जाऊन स्लॅबची घरं आली, एटीएम आलं, इंग्रजी शाळा आली. एक रीत मात्र कोणी मोडली नाही. लेकीच्या ओटीत बापाच्या गावचं मूठभर धान पडल्याशिवाय इथं लग्न लागत नसे. तेलुगू गवंड्यांचं धान तर बसच्या पार्सलनं यायचं.

डोमानं अड्याळच्या बाजारातून मूठभर धान आणून डब्यात लपवलं होतं. बपेरा त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

त्याचं खरं नाव जागेश्वर. छत्तीस वर्षांपूर्वी धरणाच्या फाटकावर मुकादम यादी वाचत होता. "डोमा, बपेरा!" तीनदा पुकारलं, कोणी पुढे आलं नाही. दोन दिवसांचा उपाशी जागेश्वर गर्दीतून पुढे झाला आणि म्हणाला, "हजर." त्याच नावावर रेशनकार्ड निघालं, लग्न झालं, गुड्डीचा दाखलाही निघाला. बायको मरेपर्यंत त्याला डोमाच समजत होती. खरा डोमा आज ना उद्या दारात उभा राहील, या धास्तीनं त्याला कितीतरी वर्षं धड झोप लागली नव्हती.

आता त्या डोमाची सख्खी बहीण येणार होती, तीही सोयऱ्यांसमोर. नाव खोटं, गाव खोटं, कूळ खोटं. गुड्डीचं लग्न मांडवातच मोडणार होतं.

"काय म्हणे ती?" त्यानं सुतळीकडे बघतच विचारलं.

"तुमचं नाव घेतलं तर मटकन खाटेवरच बसली. मंग विचारते, दारू पिते का तो? अंगावर धावते का? म्हटलं, काकानं कधी मुंगी नाही मारली. तशी म्हणे, मले ने लग्नाले."

पुढच्या दोन दिवसांत पळून जावं असंही डोमाच्या मनात आलं. पण मेंदीचे हात सावरत गुड्डी म्हणाली, "बाबा, आत्याले माह्या बाजूले बसवजा हं."

लग्नाच्या दिवशी भर अकरा वाजता ऑटो मांडवाशी थांबला. पांढऱ्या केसांची म्हातारी उतरली. हातात धानाची पुरचुंडी. नवरदेवाचे वडील कृष्णराव कौतुकानं उठून उभे राहिले. बँडवाल्यांनीही वाजवणं थांबवलं.

सुंदरबाई थेट डोमासमोर आली. त्याचं कपाळ, नाक, हनुवटी, सगळं तिनं सावकाश निरखून पाहिलं. तिनं एकदा मागे वळून गोपीचंदकडे पाहिलं, एकदा जमलेल्या माणसांकडे.

"माहा भाऊ!" तिनं हंबरडा फोडला. "जसाच्या तसा आहे वं माय!"

तिनं त्याच्या गळ्यात मिठी घातली. बायका पदरानं डोळे पुसू लागल्या. कृष्णरावांनी हात जोडले. बँड पुन्हा सुरू झाला, आणि कोणीतरी गुड्डीला आत्याच्या पाया पडायला बोलावलं.

डोमाही रडत होता. लेकीचं लग्न वाचलं होतं. म्हातारीची नजर गेली असावी, असं त्याला वाटलं, आणि तिला असं फसवणं त्याच्या जिवावर आलं. बँडच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार नव्हतं.

"बाई," तो तिच्या कानाशी पुटपुटला, "मले माफ करा. मी तुमचा भाऊ नाही."

"मले मालूम आहे," मिठी जराही सैल न करता ती म्हणाली. "धरणावर निघाच्या आदल्या दिशी त्याले मीच पुरलं, गोठ्यात."