पलीकडच्या रेषेवरचा झेंडा

यॉर्कशायरमधल्या त्या फुटबॉलच्या मैदानावर रेफरी क्लाइव्हनं गोलची शिट्टी फुंकली, आणि पलीकडच्या रेषेवर गोल रद्द करायला लावणारा ऑफसाइडचा झेंडा वर गेलेला पाहिला. तिथे आज रेषापंच आलाच नव्हता.

"मॉरीन, तो झेंडा कुणाचा गं?" त्यानं अलीकडच्या रेषेवरच्या रेषापंचाला विचारलं.

"कुठला? एकच झेंडा आहे, माझ्या हातात. आता तरी चष्मा घे बाबा!"

गेल्या वर्षी रेषापंच वॉल्टरनं तिथेच झेंडा उचलला होता. क्लाइव्हनं हातानं खुणावून तो खाली करायला लावला, गोल दिला आणि चौकशीत सांगितलं, "झेंडा वर नव्हताच." खोटा ठरला वॉल्टर. पुन्हा तो मैदानाकडे फिरकला नाही.

क्लाइव्हचे कान तापले. त्यानं तसंच हातानं खुणावलं.

चूक कुठे घडली ते दाखवायला झेंडा नियमाप्रमाणे सावकाश खाली आला, आणि थेट त्याच्यावर रोखला गेला.

क्लाइव्ह दोन पावलं बाजूला सरकला. झेंडाही वळला.