बारा खोल्यांची यादी

या, असे जवळ सरकून बसा. आज पुराणातलं नाही, आपल्या नायगावातलं आख्यान सांगतो.

गुरुवारी दोन ते पाच ट्रान्झिटच्या इमारतीची, म्हणजे चाळ पाडल्यावर तात्पुरतं राहायला दिलेल्या इमारतीची, वीज जाणार होती. जनरेटर बाराच खोल्यांचा भार घेई. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन, त्या खोल्या यादीत. यादी राहायची जुन्या सी प्लस प्लस प्रोग्रामच्या पोटात. तिथवर पायथॉनमधून पोचायचं मॉड्यूल, म्हणजे मधला निरोप्या प्रोग्राम, दीपकने लिहिलेला. इमारत सांभाळणाऱ्या कंपनीत तो कामाला होता.

बाराही जागा भरलेल्या. आणि सोमवारी त्याच्या आईला, मालनबाईंना, डॉक्टरांनी मशीन लावलं.

गुरुवारी सकाळी परळच्या ऑफिसात त्याने यादी मागवली. ३०१, जुन्या चाळीतले गुणाजीकाका. लहानपणी खांद्यावर बसवून त्याला दशावतार दाखवणारे. एकटा जीव, मागे विचारणारं कोणी नाही.

त्याने ३०१ काढली, आईची ७०४ घातली. हातातली यादी छापून पाहिली. ३०१ नाही, ७०४ आहे. बारा.

शेजारच्या टेबलावरून मेघना म्हणाली, "तुझं मॉड्यूल अजून मंदच आहे रे. यादी मागितली की दर वेळी अख्खी नक्कल काढून हातात देतं."

"चालतंय ना? मग झालं."

"आणि तुला घाम कसला आलाय?"

"एसी बघ जरा."

त्याने घरी फोन लावला. "आई, दोनला लाईट जाईल. आपल्याकडे राहील. घाबरू नको."

"मी कशाला घाबरू? गुणाजीभावजींना कळवलंस? त्यांचं पण मशीन आहे."

"कळवतो."

कळवलं नाही.

सव्वादोनला मोबाइल वाजला. गुणाजीकाका. दीपकने तो पालथा ठेवला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो पाणी प्यायला उठून गेला. मग बराच वेळ शांतता. पावणेतीनला परत वाजला, तेव्हा मेघना बघत होती म्हणून त्याने उचलला.

काकांचा आवाज खणखणीत होता. "कधीपासून फोन करतोय रे दीपक. माझं मशीन चालूच आहे. मालनवयनीचं बंद पडलं. लिफ्ट नाही, चौघांनी उचलून खाली आणली तिला. माझी नळी काढून लावली, पण..."

मंडळी, दीपकने बदलली ती नुसती हातातली नक्कल; मूळ यादी आत तशीच होती. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा मालनबाईंचं नाव घ्या.