पाचव्या आज्ञेतलं वचन

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना आटोपली, की पाळकसाहेब मुलुंडच्या त्या घरी प्रभुभोजन घेऊन यायचे. म्हातारीला अंथरूण सोडून चर्चला जाता येत नव्हतं, आणि तिला एकटीला टाकून तिच्या लेकीला, शलोमीताईलाही. आजही ताईनं द्राक्षरसात भिजवलेला भाकरीचा तुकडा आईला चमच्यानं भरवला, हनुवटी पुसली, कूस बदलून दिली. आधी लग्न राहिलं, मग नोकरी सुटली, सगळं या खाटेपायी गेलं. पण तिनं कधी तोंडातून ब्र काढला नाही.

पाळकसाहेबांना अगदी भरून आलं. "ताई, आईबापाचा मान राख म्हणजे चिरकाळ जगशील, असं देवाच्या दहा आज्ञांतल्या पाचवीतच वचन दिलंय. देव शब्दाला जागतो. तुम्हाला उदंड आयुष्य मिळणार, बघा!"

ओढणीला हात पुसता पुसता शलोमीताई थांबली.

"जागतो ना. आईनंही आजीचं अंथरुणातलं सगळं असंच केलं होतं. तिला मिळालंच की उदंड आयुष्य."

तिनं आईच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"पण पाळकसाहेब, तिला मी होते."