डाव्या पेडलचे आटे

डावं पेडल काही केल्या सुटेना. सगुणाबाईंनी पान्ह्यावर सगळं अंग टाकलं, तरी ते तसूभर हललं नाही. आतून व्यंकोजींनी, त्यांच्या नवऱ्यानं, खोकत विचारलं, सुटलं का?

"सुटतंय, स्वल्प थांबा," त्या म्हणाल्या. खोटं बोलायचा त्यांना आताशा सराव झाला होता.

सायकल अभिराजची, त्यांच्या एकुलत्या एका मुलाची. सहा वर्षांपूर्वी, एक्क्याण्णव साली, तो बापाशी भांडून गेला तो गेलाच. सायकल तेवढी राहिली. तेव्हापासून व्यंकोजींनी एक रविवार चुकवला नव्हता. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात फिटर म्हणून हयात घालवलेला माणूस तो. चेन रॉकेलनं पुसायची, बेअरिंगला तेल सोडायचं, पेडलं काढून आट्यांना ग्रीस लावायचं. पडून राहिलेलं लोखंड एकमेकाला धरून बसतं, म्हणायचे. पोरगा येईल त्या दिवशी सायकल जाम निघाली तर त्याला काय तोंड दाखवू?

यंदा पावसाच्या सुरुवातीलाच त्यांच्या हृदयानं दगा दिला आणि त्यांनी अंथरूण धरलं. चार महिने सायकल परसात भिजत राहिली. आज त्यांनी हट्टच धरला, मला जमत नाही तर तू कर. आली का पंचाईत! चेन गंजून लाल, पेडल घट्ट धरलेलं. हे कळलं तर माणूस हाय खाईल, या धास्तीनं सगुणाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. नवऱ्याचा जीव या सायकलीवरच तगून आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कारण अभिराज येणारच नव्हता. तो गेला त्याच आठवड्यात पोलिसांचा निरोप आला होता. यशवंतपूरजवळ लॉरीखाली एकजण सापडलाय, ओळखायला या. व्यंकोजी तेव्हाही छातीच्या दुखण्यानं पडून होते, म्हणून सगुणाबाई एकट्याच गेल्या. चादर उचलताच त्यांनी पोटचा गोळा ओळखला. तरी शिपायाला म्हणाल्या, आमचा नव्हे. घरी येऊन नवऱ्यालाही तेच सांगितलं, नाहीतर तोही हातचा गेला असता. पुढे पोराचं काय केलं, हे विचारायचीही सोय उरली नाही. बेवारस म्हणूनच गेलं असेल लेकरू. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण सहा वर्षं त्यांनी ते झाकलं.

त्यांनी आणखी रॉकेल ओतलं, पुन्हा जोर लावला. पान्हा सटकला, बोटं सोलवटली आणि त्यांना रडू फुटलं. देवा, एवढं एक तरी सुटू दे रे.

मान वर केली तर व्यंकोजी भिंतीला धरून दारात उभे. त्यांनी गंजलेली चेन पाहिली, पेडल पाहिलं.

ते हळूहळू शेजारी टेकले. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणाले, सोडवायच्या नादात तू ते आवळत होतीस.

"अभिराज यायच्या आत सगळं नीट करते," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "तुम्ही आत जाऊन पडा."

व्यंकोजींनी त्यांच्या हातातून पान्हा काढून घेतला.

"राहू दे, सगुणा. ही सायकल मी तुझ्यासाठी पुसत होतो. तू ओळखायला जाऊन आलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जातो म्हणून मी तिथेच गेलो. त्याला अग्नी मीच दिलाय."