नाक टेकवा

परभणीच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारा वीरुपाक्ष पुरता वैतागला होता. निजामाच्या पोलीस जमादारानं बोरी गावच्या म्हाताऱ्या आश्रुबाचं डोकं लाठीनं फोडलं होतं. कवटीला चीर गेली का, हे डॉक्टरांना बघायचं होतं. पण वीरुपाक्षानं त्याला पालथं निजवून कपाळ आणि नाक फिल्मला टेकवलं, की बटण दाबताना म्हातारा मान उचलायचा. दोन फिल्म वाया गेल्या. आता एकच उरली होती. “अवो बाबा, नाक टेकवा म्हणतो ना! कितीदा सांगू?” वीरुपाक्ष ओरडला. “जमादार बी हेच म्हणला. ‘नाक घास, सोडतो.’ न्हाई घासलं, म्हनून तर फोडलं,” आश्रुबा म्हणाला. वीरुपाक्षानं कपाळावर हात मारला. मग चडफडतच त्याला उताणं केलं. म्हातारा आता दगडासारखा पडून राहिला. फोटोत चीर बारीकच निघाली. “पालथा का नाही घेतला?” डॉक्टर खेकसले. “पालथा पडणारा न्हाई तो, साहेब.”