ढेकूळ, फांदी आणि माणसं

“झाकण ठेव गं विहिरीवर. चांदणं आत पडलं तर काढायचं कुणी?”

आईचा आवाज. डोंगरापलीकडच्या गावातली ती विहीर सनोबरला आता नीट आठवतही नाही. आवाज तेवढा येतो, कणीक मळताना, नाहीतर रहाटाच्या घरघरीत. आज तो भर दुपारी आला. ती अंगणात उभी होती, तांबड्या गाईशेजारी, राखेने आखलेल्या रेघेच्या अलीकडे. रेघेच्या पलीकडे तिची आठ वर्षांची नवबहार, उंटाच्या सावलीत.

धनी अल्लानजर जाऊन चाळीस दिवस झाले होते. आज त्याच्या दोन मुलांत वाटणी. मोठा मतनियाज इथेच राहणारा. धाकटा कलंदर नदीच्या खालच्या अंगाला, नावेने नऊ दिवसांवर. शेत काही उचलून आणता येत नाही, म्हणून अलीकडे ज्वारीच्या शेतातलं ढेकूळ ठेवलं होतं, पलीकडे खरबुजांच्या मळ्यातलं. तुतीच्या बागेऐवजी फांदी. पाण्याच्या पाळीऐवजी भरलेला वाडगा. माणसांऐवजी मात्र माणसंच उभी केली होती.

दोन्ही बाजू तोलात यायला हव्यात, म्हणून मायलेकी दोन बाजूंना गेल्या. काझीकडून आलेल्या मुल्ला सबीरला त्यात वावगं दिसलं नाही. आई थकत जाईल, पोर वाढत जाईल, म्हणजे सारखंच की, असं तो म्हणाला.

सुरुवातीला त्याने रीतीप्रमाणे विचारलं होतं. धन्यापासून मूल झालेली दासी धन्याच्या शेवटच्या श्वासाबरोबर मोकळी होते, आणि ते मूल इतर लेकरांसारखंच वारस. तर या घरात अशी कुणी आहे का? एकदा विचारलं, दोनदा, तीनदा. गुलामाची साक्ष धरत नाहीत. सनोबरने ओसरीकडे पाहिलं. तिथे धन्याची बायको ओयजमाल बसली होती, मांडीवर लोकरीचा गुंता घेऊन. तिने गुंत्यातला एक धागा ओढला. मग आणखी एक. मतनियाज उगाच खोकला. मुल्ला पुढच्या कामाला लागला.

आता कौल. ज्याने त्याने आपल्या अंगावरची एक वस्तू काढायची, मेंढीच्या केसाळ टोपीत टाकायची, आणि लहान मुलाने ती काढून एकेका ढिगावर ठेवायची; ज्याची वस्तू, त्याचा तो ढीग. लहान मुलाच्या हाताला लबाडी येत नाही. कालव्यातला गाळ कुणी कुठे उपसायचा, तेही इथे असंच ठरतं. दोघा भावांनी पाठ फिरवून टोपीत काय ते टाकलं.

“उंट तुझ्याकडे आला तर नावेत बसवशील का रे त्याला?” मतनियाजने विचारलं.

“तो पोहतो, दादा. तुझ्यासारखा काठावरून शिव्या देत बसत नाही.”

घरात लहान मूल एकच होतं. नवबहारला बोलावलं.

तिने टोपीत कोपरापर्यंत हात घातला आणि हसली. आत ऊब असावी. आधी चकमकीचा दगड निघाला. तो तिने आईच्या पायाशी नेऊन ठेवला. मग चांदीची गुंडी. तीही तिने आईच्याच पायाशी ठेवली, आणि आईच्या झग्याचं टोक धरून स्वतःही तिथेच उभी राहिली.

अंगणभर हसू पसरलं. कलंदर म्हणाला, “झालं. सगळं एकाच ढिगात. दादा, आता आपण दोघं कुणाच्या वाट्याला?”

मुल्लाने पोरीला जवळ घेऊन समजावलं. एक इकडे, एक तिकडे, आणि तू तिकडची. तिने शहाण्यासारखं ऐकून घेतलं. वस्तू पुन्हा टोपीत गेल्या, टोपी हलली. या खेपेला दगड आईच्या पायाशी राहिला. गुंडी घेऊन ती रेघ ओलांडून गेली, कुठे ठेवावी ते तिला कळेना, म्हणून मुठीतच धरून उभी राहिली.

गुंडी कलंदरची होती.

सनोबरला वाटलं, आपण कुठल्याशा पाण्याच्या तळाशी बसून हे बघतोय. वरून आवाज येतात, अंग हलत नाही. रहाट फिरत होता. पिकल्या खरबुजांचा गोड वास उन्हाबरोबर तरंगत होता, जणू हे दुसऱ्याच कुणाचं अंगण, दुसरीच कुणी बाई. तुतीचं एक पिवळं पान गिरक्या घेत पोरीच्या केसांत उतरलं. ते काढायला सनोबरचा हात उठला आणि रेघेपाशी थांबला.

मुल्लाने दुव्यासाठी हात उचलले. सगळ्यांनी उचलले. तळहात चेहऱ्यावरून फिरले की वाटणी पक्की. मग खानाच्या बापालाही ती मोडता येत नाही. मुल्लाचे हात फिरले. मतनियाजचे फिरले. कलंदरचे फिरले.

ओसरीवर ओयजमालचे हात वरच राहिले. लोकरीचा गुंता मांडीवरून घसरून पायरीवर पडला.

“आई,” मतनियाज हलक्या आवाजात म्हणाला, “हात फिरव.”

“नाही फिरवत.”

“लोक बघतायत, आई.”

ती पोरीकडे बघत होती. इतकी वर्षं तिने या पोरीकडून पाणी घेतलं होतं, पण तोंडाकडे बघून कधी घेतलं नव्हतं.

“ही झाली तेव्हा तुझ्या बापाने हिला मांडीवर घेतलं,” ती म्हणाली. “हिच्या कानात अजान दिली. नाव ठेवलं. मी दारात दुधाचा वाडगा घेऊन उभी होते. दूध गार झालं, तरी उभीच होते.”

तिने हात अजून खाली आणले नव्हते.

“मुल्ला, तुम्ही तीनदा विचारलंत, तीनदा मी गप्प बसले. ढीग मोडा. अल्लानजरला तीन मुलं होती.”